बाजाराचा वार सोडून

नोकरीची शेवटची आठ वर्षं मी मुक्ताईनगरकडच्या एका केळीच्या गावात काढली. सरकारी नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि एक हातपंप. मागच्या खोलीत माझा संसार, पुढच्या खोलीत गावाचा. खिडकी उघडली की केळीच्या बागा अगदी भिंतीपर्यंत आलेल्या दिसायच्या. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असली तरी त्या बाजूने ओल्या पाल्याचा गारवा यायचा. आज धुळ्यात, तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसले, की मला तो वास हटकून आठवतो.

मी मूळची धुळ्याची, घरात अहिराणी बोलणारी. त्या गावाची बोली निराळी. 'आहे'ला आम्ही 'शे' म्हणतो, ते 'हाये' म्हणणार. 'ळ' तर त्यांच्या तोंडी येतच नाही. केळीची 'केयी' होते आणि डोळ्याचा 'डोया'. पहिल्याच आठवड्यात एक बाई "माह्या डोयाले काय झालं पाहा व" म्हणत आली आणि मी 'डोई' समजून तिचे केस विंचरून विंचरून टाळू तपासली. ती बिचारी गप्प बसून राहिली. तिला वाटलं, धुळ्याकडे डोळा असाच तपासत असतील. ही गोष्ट गावभर झाली आणि त्या हसण्यावरच माझी गावाशी ओळख झाली.

लसी, बाळंतपणं, ताप-हगवण हे काम मी वर्षानुवर्षं केलेलं होतं. मग वरून नवीन काम आलं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बी.पी. बघायचं, साखर बघायची, तोंडात डाग-गाठ आहे का बघायचं, बायकांची छाती तपासायची. म्हणजे जे आजारी नाहीत त्यांना बोलवायचं. आजारी माणूस आपल्या पायांनी येतो. धडधाकट माणसाला कामावरून उठवून "चल, तुझ्यात काही निघतंय का बघू" म्हणायचं, हे मला तेव्हा जमत नव्हतं.

पहिलं शिबिर ठरलं ते गुरुवारी. गुरुवार गावच्या बाजाराचा वार. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची माणसं आपोआप गोळा होतील, असा वरच्या साहेबांचा हिशोब. जागा ग्रामपंचायतीचा हॉल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी आणि गावची आशाताई, आम्ही सकाळपासून सतरंज्या अंथरल्या, टेबल मांडलं. डॉक्टर एका टोकाला बसले, नोंदी लिहिणारा कारकून दुसऱ्या टोकाला. मध्ये अंतर बरंच. हॉलमध्ये पंख्यांचा घरघराट, बाहेर बाजाराचा गलका. त्यामुळे मी डॉक्टरांशेजारी तपासायची आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगायची. तो लिहून घ्यायचा.

पुरुष बरेच आले. बायका मोजक्याच. त्यांत एक सूनबाई होती, पस्तिशीच्या आतबाहेरची, दोन मुलांची आई. बाजाराची पिशवी हातात घेऊनच ती रांगेत उभी राहिली. मी तिच्या बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा बघितला आणि नेहमीसारखी ओरडले, "साखर दोनशे ऐंशी!"

दाराशी उभा असलेला कोणीतरी म्हणाला, "दोनशे ऐंशी? आता चहात बोट बुडवलं तरी गोड होईल." लोक हसले. तिने बोटावरचा कापूस तसाच दाबून धरला, पिशवी उचलली आणि मान खाली घालून बाहेर पडली. मी हसले नाही, पण मी काही बोललेही नाही. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी तिच्या घरी तिच्याआधी पोचली होती. सासूने भर गल्लीत म्हटलं, आमच्या गळ्यात रोगी पोर बांधली. दुसऱ्या दिवसापासून बायका मला टाळू लागल्या. रस्त्यात भेटल्या की पदर सावरून पलीकडच्या कडेने जायच्या. हातपंपावर पाणी भरायला येणाऱ्यासुद्धा येईनाशा झाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली.

अक्का म्हणजे गावातल्या मजूर बायकांची म्होरकी. कोणाच्या बागेत निंदायला किती बायका जातील, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला कोण जाईल, कापूस वेचणीची टोळी कोणाकडे आधी, हे सगळं ती ठरवायची. साठीची, उंच, काटक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, तिकडेच क्वार्टरमध्ये राहायचा. ही मात्र आपल्या दोन एकरांवरून हलायला तयार नव्हती. गावात लग्न कोणाचंही असो, हळदीची गाणी अक्काच म्हणणार. तिचा आवाज या गल्लीतून त्या गल्लीत जायचा.

ती पडवीत उभी राहिली, आत आली नाही.

"सिस्टर, आमच्या अंगातलं काय ते तू बाजारात काहून मांडलं?"

मी म्हटलं, "अक्का, चूक झाली."

"चूक झाली हे मले नको सांगू. जिची झाली तिले जाऊन सांग."

मी चपला घातल्या आणि तशीच तिच्यासोबत निघाले. सूनबाईच्या घरी सासू ओट्यावर गहू निवडत बसलेली. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "काकू, तुमच्या सुनेला रोग आहे म्हणून मी ओरडले नाही. मला अक्कल नव्हती म्हणून ओरडले. हा आजार औषधाने ताब्यात राहतो. वेळेत कळला हे तिचं नशीब. पण तो तिला एकटीला सांगायचा होता."

सासूने सुपातले खडे काढणं थांबवलं नाही. मान वर न करता म्हणाली, "चहा टाकते. साखर किती घालू? का तेबी ओरडून सांगतीस?"

सूनबाई दाराआड उभी होती. ती फिस्सकन हसली. मग सासूही हसली, आणि मला रडू आलं.

परत येताना मी अक्काला विचारलं, "आता कसं करू? तपासणी तर करायची आहे. तुम्हीच सांगा."

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी हे कोणाला कधी विचारलं नव्हतं. वरून कागद यायचा, आम्ही खाली राबवायचो. अक्का रस्त्यातच थांबली आणि एकेक सांगू लागली. बाजाराचा वार सोड. बाया सकाळी सातला वावरात जातात, दुपारी दोनला येतात, भाकरी खातात, तीन ते पाच मोकळ्या असतात; तेव्हा ठेव. पंचायतीत नको, तिथे पारावर बाप्ये बसलेले असतात, त्यांच्यापुढून कोण जाईल? अंगणवाडीत ठेव, तिला मागून दार आहे. पडदा लाव. बाई डॉक्टर आण. "आन आधी बोल, मंग सुई टोच," ती म्हणाली. "आमी काय ढोरं हाओत?"

या सगळ्यात बाई डॉक्टर मिळवणं तेवढं अवघड होतं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतीच एक तरुण डॉक्टर आली होती. धुळ्याच्या एका मारवाडी कापडवाल्यांची मुलगी. सोयरीकीत जावं तशी नीटनेटकी साडी नेसून यायची, म्हणून आमचे लोक तिला जरा हसायचे. मी तिला सगळं सांगितलं, ओरडण्याची गोष्टसुद्धा. मला वाटलं, ती मला झापेल. ती म्हणाली, "सिस्टर, दुकानात आमचे बाबा बाईमाणसाला साडी दाखवताना गडी बाजूला पाठवतात. आपण एवढंही करू नये?"

मग मंगळवारी दुपारी, अंगणवाडीत, आमची दुसरी तपासणी झाली. पडदे जुन्या साड्यांचे, ते बायकांनीच दिले. पहिल्या पडद्याआड मी, दुसऱ्याआड डॉक्टरीण. मागच्या दारात अक्का स्टूल टाकून बसली. आकडा मी जिचा तिच्या कानात सांगायची आणि छोट्या वहीत लिहून वही तिच्याच हातात द्यायची. पहिल्या अर्ध्या तासात कोणीच आलं नाही. मग सूनबाईची सासू आली. एकटी. आत येऊन म्हणाली, "माह्यंबी पाहून टाक. सुनेचं एकटीचंच काहून?" तिच्यामागे दोघी, मग चौघी, मग अंगणात चपलांचा ढीग लागला.

त्या दुपारची मजा मला अजून आठवते. डॉक्टरीण प्रत्येकीला आधी विचारायची, कुठल्या बागेत गेली होतीस, पोरं काय करतात, झोप लागते का. बायका तिला आपापल्या बोलीत सांगायच्या. तिला अर्धं समजायचं नाही, मग ती पडद्याआडून हाक मारायची, "सिस्टर, 'पोटात गोया आला' म्हणजे काय?" आणि दोन्ही पडद्यांत हसू फुटायचं. माझी डोया-डोईची गोष्टही कोणीतरी तिला सांगून टाकली. एका बाईला म्हणे सात वर्षांपासून छातीत दूध साठल्यासारखं दुखत होतं आणि तिने ते आजच पहिल्यांदा कोणाला सांगितलं. तिच्यात काळजीचं काही निघालं नाही. पण जाताना ती म्हणाली, "आंग हलकं झालं." औषध तर आम्ही तिला काहीच दिलं नव्हतं.

पाच वाजत आले. सगळ्या झाल्या. डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "अक्का, आता तुम्ही."

"मले काय झालं? मी धडधाकट हाये."

"धडधाकट माणसांसाठीच तर आहे हे."

"लोकायले पाणी पाजता पाजता आपन नाही प्यालो तरी चालते."

अक्का उठून चपला शोधू लागली. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "अक्का, माझं तर सगळ्या बाजाराने ऐकलं. तुम्हाला पडदा आहे, तरी भीता?"

सगळ्या अक्काकडे बघू लागल्या. अक्काला भितरी म्हणायची छाती गावात कोणाचीच नव्हती. ती चपला शोधायचं सोडून पडद्याआड गेली.

मी बॅटरी धरली. अक्का वर्षानुवर्षं तपकीर लावायची. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका लावतात. चिमूटभर घ्यायची आणि खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी दाबून ठेवायची. डॉक्टरीणीने ओठ हलकेच खाली ओढला. नेमक्या त्याच जागी नखाएवढा पांढरा चट्टा होता. तिने कापसाने पुसून बघितला. पुसला गेला नाही.

"दुखतं?"

"नाही. तिखट लागलं तं आग होते थोडी."

डॉक्टरीण तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "अक्का, असा चट्टा पुष्कळदा साधा निघतो. कधीकधी पुढे वाईट वळणाला जातो. तुमचा कुठला, ते मला नुसतं बघून सांगता येणार नाही. जळगावला जाऊन छोटा तुकडा काढून तपासावा लागेल."

"कॅन्सर म्हंतीस का?"

"तसं म्हणत नाही. आणि नाहीच, असंही खोटं सांगत नाही."

अक्काने मान हलवली. चिठ्ठी घेतली, चौपदरी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. बाहेर येऊन बायकांना म्हणाली, "काही नाही, दात किडले."

मी म्हटलं, जळगावला मी येते बरोबर. ती म्हणाली, मी काय लहान आहे? मुलाला कळवू म्हटलं, तर डोळे वटारले. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीने ती एकटीच गेली. संध्याकाळी मी स्टँडवर वाट बघत होते. उतरली, म्हणाली, "झालं सगळं. कागद येईल." आणि झपाझप घराकडे निघून गेली.

मी विश्वास ठेवला. ही माझी दुसरी चूक.

पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. मी विचारलं की ती विषय बदलायची. एका लग्नात हळदीला ती गाणी म्हणत होती आणि मी समोर बसले होते. मध्येच तिने ओठ आत ओढला, पाणी मागितलं आणि पुढचं कडवं दुसरीला म्हणायला लावलं. असं तिने कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेतावर गेले. ती केळीच्या ओळीत एकटीच पिलं कापत होती.

"अक्का, तुकडा काढला का?"

तिने कोयता खाली टेकवला. "नाही."

मग तिने सांगितलं. एवढा मोठा दवाखाना, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. प्रत्येक खिडकीवर तेच, काय होतं? ती आपल्या बोलीत सांगायची, तिकडून "नीट बोला" यायचं. शेवटी एका खोलीपुढे बसवलं. दोन तासांनी आत बोलावलं. "टेबलावरून मान वर नाही केली त्यानं. म्हने, तोंड उघडा. मी उघडलं. तेवढ्यात फोन आला त्याले. तो बोलत राह्यला. मी तोंड उघडं ठेवून बसली. दाराशी लोकं पाहत होते." तिने कोयत्याचं पातं मातीत रुतवलं. "मले ढोरावानी वाटलं. मी तोंड मिटलं आन उठून आली."

केळीच्या पानांमधून वारा सरसरत होता. मी खाली मातीत बसले. तिला उपदेश करायची सोय नव्हती. तिने मला आधीच एकदा सांगितलं होतं की आधी बोल, मग सुई टोच.

मी डॉक्टरीणीला फोन केला. तिच्याबरोबर शिकलेला एक दातांचा डॉक्टर जळगावात होता. तिने त्याला आधीच सगळं सांगितलं, वार ठरवला, वेळ ठरवली, म्हणजे खिडक्या नकोत. आणि अक्काला मी एवढंच म्हटलं, "मी बरोबर येते. आत, खोलीत. आणि तुमचं तोंड उघडं असताना कोणाचा फोन वाजला, तर तो मी घेईन."

ती हसली. तोंडावर पदर धरून हसली.

त्या दिवशीचा एस.टी.चा प्रवास मी कधी विसरणार नाही. अक्काने फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून घेतलं होतं. दवाखान्यात उपाशी जावं लागेल असं मी सांगितलं नव्हतं, तरी ती स्वतः खाईना. मला मात्र भुसावळ यायच्या आधी जबरदस्तीने खाऊ घातलं. वरणगाव आलं तेव्हा ती खिडकीतून फॅक्टरीच्या दिशेने बघत राहिली.

"मुलाला सांगायचं का?" मी विचारलं.

"बरं निंघालं तं सांगू. वाईट निंघालं तंबी सांगू. आज नको."

मग आपणहूनच तिने तपकिरीचं सांगितलं. मुलगा पोटात होता तेव्हा वावरात भूक लागायची आणि भाकर दुपारशिवाय मिळायची नाही. सासूनेच चिमूट दिली होती. तपकीर लावली की भूक मरते. "तवापासून भूक गेली, चिमूट राह्यली," ती म्हणाली. माझ्या आईच्या ओठातही मी ती चिमूट लहानपणापासून पाहिली होती. आई कधी ओठ मुडपून बोलायची, ते मला वाटायचं तिचं वळण आहे. ती कोणी तपासली नाही. ती कशाने गेली, हे आम्हाला नीट कळलंही नाही.

जळगावचा तो डॉक्टर तरुण होता. अक्का खुर्चीवर बसली आणि तो स्टूल ओढून तिच्यापेक्षा खाली बसला. आधी त्याने तोंड उघडायला सांगितलंच नाही. तो म्हणाला, "अक्का, मागच्या वेळी तुम्हाला फार त्रास झाला म्हणे. आमचं चुकलं." खरं तर तो दवाखाना वेगळा, तो डॉक्टर वेगळा, याचा त्यात काही संबंध नव्हता. पण अक्काचे खांदे सैल पडले, हे मी बघितलं.

मग त्याने विचारलं, "मी तपासण्याआधी तुम्हाला काही विचारायचंय?"

अक्काने पदर सावरला. मला वाटलं ती विचारेल, किती दिवस उरलेत.

"मले गानं म्हनता येईन ना?"

त्याला समजलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, गावातल्या हळदीच्या गाण्यांचं. त्याने ते ऐकून घेतलं आणि केसपेपरवर, औषधांच्या वर, मराठीत एक ओळ लिहिली: गाणं म्हणतात. ओठाचं जपावं. तो कागद अक्काने नंतर मला दाखवला होता, कितीतरी वेळा.

तुकड्याच्या तपासणीत कळलं, चट्टा वाईट वळणाला लागला होता, पण दारातच होता, आत शिरला नव्हता. एक छोटं ऑपरेशन झालं. त्या वेळी मुलगा आला होता. तो दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडला, आणि अक्काने, स्वतःच्या ओठाला टाके असताना, त्याला हाताने खूण करून गप्प केलं. दोनेक महिने तिचं बोलणं बोबडं होतं. तपकिरीची डबी तिने स्वतः माझ्या उपकेंद्राच्या मागच्या उकिरड्यात रिकामी केली. सोडणं सोपं नव्हतं. दोनदा परत लावली, आणि दोन्ही वेळा येऊन मला सांगून गेली. पुढच्या लग्नसराईत ती पुन्हा गायली. 'स' म्हणताना थोडी शीळ वाजायची. पोरीसोरी तशी शीळ मुद्दाम वाजवून दाखवायच्या आणि ती त्यांना मारायला धावायची.

मंगळवारची तपासणी मग दर महिन्याला होऊ लागली. गावात आम्ही सगळ्यांचं बी.पी. बघत होतो. आणि इकडे धुळ्यात माझा सख्खा मोठा भाऊ होता.

त्याला आम्ही सगळे नाना म्हणायचो. एस.टी.त कंडक्टर होता, निवृत्त झालेला. मी दिवाळीला जायची, तेव्हा पिशवीत मशीन असायचंच. दरवर्षी म्हणायची, नाना, हात पुढे कर. तो म्हणायचा, "माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे." मला काय झालंय, सगळं बरं आहे, म्हणत फराळाचं ताट पुढे सरकवायचा. मी चिवडा खायची, मशीन पिशवीतच राहायचं. ज्या हट्टाने मी गावाला दारातून ओढून आणायची, तो घरी मला कधी जमला नाही. घरात मी नर्स नव्हते, धाकटी बहीण होते.

एका सकाळी अंघोळीला गेला आणि तिथेच पडला. मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी विचारलं, बी.पी.ची गोळी चालू होती का? मी नर्स, आणि मला सांगावं लागलं, आम्हाला माहीत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दारात अक्का आणि सूनबाई उभ्या होत्या. मुक्ताईनगरहून धुळ्यापर्यंत तीन गाड्या बदलून आल्या होत्या. घर माणसांनी भरलेलं. वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. पाच दिवसांत ती कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली, रडली नाही, गळ्यात पडली नाही. नुसता तिचा हात हातात धरून बसली. तासभर तरी.

मग मला म्हणाली, "तुह्यं मशीन कुठी हाये?"

"पिशवीत. अक्का, आज नको. सुतकाचं घर आहे."

"सुतकात रगत फिरायचं थांबते का?"

तिने बाप्यांना बाहेर ओसरीत बसायला सांगितलं. परक्या घरात, ओळख नसलेल्या माणसांना, आणि सगळे गेलेसुद्धा. सूनबाईने दार लोटलं. अक्का वहिनीला म्हणाली, "माय, हे दुखत नाही. आन तू नाही म्हनली तं आमी करनार नाही." वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि आपणहून बाही वर सारली.

पारा चढला, उतरला. मी पुन्हा एकदा बघितला. मग वाकून वहिनीच्या कानात आकडा सांगितला. बराच जास्त होता.

वहिनी म्हणाली, "त्या बी म्हणेत, डोकं दुखस. मी बाम चोळी देऊ." म्हणजे नानाही म्हणायचा डोकं दुखतं, आणि ती बाम चोळून द्यायची. एवढं बोलून ती जी रडू लागली, तशी पाच दिवसांत रडली नव्हती. आणि मीही. अक्का आम्हा दोघींच्या मध्ये बसून होती, एक हात तिच्या पाठीवर, एक माझ्या.

अक्का दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला देवपुरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, तेव्हा रिक्षात तीच मध्ये बसली. डॉक्टरांना तिने बजावलं, "हिले आधी विचारा, तिले काय म्हनायचं हाये." ते जरा चमकले, पण त्यांनी विचारलं.

आता मी निवृत्त आहे. वहिनी आणि मी एकत्र राहतो. तिच्या गोळ्या चालू आहेत, माझ्याही. कारण त्या दिवशी अक्काने तिच्यानंतर माझाही हात पुढे करायला लावला होता. लोणच्यावरून आमचं रोज भांडण होतं. गावात आता नवीन नर्स आहे, हातात टॅब घेऊन फिरते, हुशार आहे. अक्का तिच्याकडेही स्टूल टाकून मागच्या दारात बसते म्हणे. गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला होता. नातवाचं लग्न ठरलंय, हळदीला चार दिवस आधी या, दोघी या. वहिनी तेव्हापासून साड्या काढून बसली आहे. मी तिला म्हटलं, अजून दीड महिना आहे. ती म्हणते, असू दे.